सिमकार्ड हीच ओळख : वाय-फायच्या प्रवेशद्वाराची डागडुजी

नागपूरच्या गांधीबागेतील ठोक कापडबाजारात दुपारच्या वेळी फेरफटका मारला, तर मोबाइल फोनच्या वापराचे एक विचित्र चित्र दिसते. रस्त्यावर सिग्नल पूर्ण असतो. दुकानाच्या मागच्या खोलीत तो निम्म्यावर येतो आणि ताग्यांच्या थप्प्या रचलेल्या तळघरातील गोदामात पाऊल टाकताच जवळपास नाहीसा होतो. एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या इमारती, सिमेंट-काँक्रीटचे जाड स्लॅब आणि लोखंडी शटर यांच्यापुढे मोबाइल टॉवरच्या लहरींचे फारसे काही चालत नाही. त्यामुळे व्यापारी वाय-फायकडे वळतात. तेथे दुसरी अडचण उभी राहते. सार्वजनिक वाय-फायवर प्रवेश मिळवायचा, तर बहुतेक ठिकाणी फोन क्रमांक भरावा लागतो आणि एसएमएसने येणाऱ्या ओटीपीची वाट पाहावी लागते. हा एसएमएस येणार मोबाइलच्या सिग्नलवरच. म्हणजे जेथे सिग्नल नाही म्हणून वाय-फाय हवे, तेथेच वाय-फायसाठी सिग्नल हवा.

या पेचातून सुटण्याचा मार्ग फोनमध्येच बसवलेला आहे. सिमकार्ड हा केवळ क्रमांक साठवणारा प्लास्टिकचा तुकडा नसून तो एक छोटा संगणक आहे. स्वतःची ओळख सिद्ध करण्याचे काम तो टॉवरशी न बोलताही करू शकतो. सिमकार्डाचा हा गुण वाय-फायसाठी वापरण्याची पद्धत जानेवारी २००६ मध्ये ‘ईएपी-सिम’ आणि ‘ईएपी-एकेए’ या नावांनी इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत, अनुक्रमे आरएफसी ४१८६ आणि ४१८७ म्हणून, प्रसिद्ध झाली. तिच्या मसुद्यामागे नोकिया, एरिक्सन आणि सिस्को या कंपन्यांतील अभियंते होते. पद्धत जुनी आहे, पण ती चालवणारे सॉफ्टवेअर, म्हणजेच वाय-फायचे जाळे आणि मोबाइल कंपनीची नोंदवही यांच्यामध्ये उभा असलेला ‘गेटवे’, बाजारातील गर्दीपुढे टिकेल असा करणे हे वेगळेच काम आहे.

तारेची ओळख, कार्डाची ओळख

गांधीबागेला लागून जाणाऱ्या सेंट्रल एव्हेन्यूवर टेलिफोन एक्सचेंज चौक आहे आणि मेट्रोच्या एका स्थानकालाही हेच नाव मिळाले आहे. लँडलाइनच्या काळात ग्राहक कोण, हा प्रश्न एक्सचेंजला पडतच नसे. ज्या तारेच्या जोडीवरून आवाज आला, तो ग्राहक. तार हीच ओळख होती. मोबाइलमध्ये तार गेली आणि हवेतून येणारी हाक नेमकी कोणाची, हे ठरवण्याची गरज निर्माण झाली. त्यासाठी सिमकार्ड आले. १९९१ मध्ये जर्मनीतील गीझेके अँड डेव्हरियंट या कंपनीने फिनलंडच्या रेडिओलिंजा या मोबाइल कंपनीसाठी पहिली सिमकार्डे तयार केली. भारतात पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाला.

प्रत्येक सिमकार्डात दोन महत्त्वाच्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे आयएमएसआय हा जास्तीत जास्त पंधरा अंकी क्रमांक. त्याचे पहिले तीन अंक देशाचे (भारतासाठी ४०४ व ४०५), पुढचे अंक कंपनी आणि तिच्या परिमंडळाचे आणि उरलेले ग्राहकाचे. हा क्रमांक ग्राहकाच्या दहा अंकी फोन क्रमांकाहून वेगळा असतो. २० जानेवारी २०११ रोजी देशभर क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय सुरू झाली, तेव्हा या फरकाचे महत्त्व अधिक स्पष्ट झाले. कंपनी बदलताना फोन क्रमांक तोच राहतो, पण कार्ड आणि आयएमएसआय नवे येतात. म्हणून कोणत्या कंपनीला विचारायचे, हे गेटवेने आयएमएसआय पाहूनच ठरवायचे असते. फोन क्रमांकाच्या सुरुवातीच्या अंकांवरून ठरवायला गेल्यास तो चुकीच्या दारावर थाप मारतो.

दुसरी गोष्ट म्हणजे १२८ बिटांची गुप्त किल्ली. ती कार्डात असते आणि मोबाइल कंपनीच्या प्रमाणीकरण केंद्रात असते. या दोन जागांखेरीज ती कोठेही जाऊ नये, अशी सारी रचना आहे. फोनलाही ती वाचता येत नाही.

गेटवे नेमके काय करतो

फोन वाय-फायच्या कक्षेत आला की तेथील अॅक्सेस पॉइंट त्याला इंटरनेट देत नाही. ओळख पटवण्याच्या निरोपांपुरतीच एक अरुंद खिडकी तो उघडतो. फोन आपली ओळख सांगतो, अॅक्सेस पॉइंट ती ‘रेडियस’ या नियमावलीनुसार गेटवेकडे पाठवतो. गेटवेची एक बाजू इंटरनेटची भाषा बोलते, तर दुसरी बाजू टेलिफोन जाळ्याची. दुसऱ्या बाजूने तो मोबाइल कंपनीच्या ‘होम लोकेशन रजिस्टर’ अर्थात एचएलआर या ग्राहक-नोंदवहीकडे या कार्डासाठी प्रमाणीकरणाची सामग्री मागतो.

नोंदवही किल्ली देत नाही. ती ‘त्रिके’ देते. प्रत्येक त्रिकात एक यादृच्छिक संख्या, त्या संख्येला कार्डाने द्यावयाचे ३२ बिटांचे अपेक्षित उत्तर आणि ६४ बिटांची तात्पुरती किल्ली असते. ईएपी-सिममध्ये अशी दोन किंवा तीन त्रिके एकत्र वापरली जातात, कारण एका त्रिकातून मिळणारी किल्ली वाय-फायच्या सुरक्षिततेसाठी अपुरी पडते. गेटवे यादृच्छिक संख्या फोनकडे पाठवतो, फोन त्या कार्डाला देतो, कार्ड आपल्या पोटातील गुप्त किल्लीने उत्तर काढते. उत्तर जुळले की गेटवे अॅक्सेस पॉइंटला हिरवा कंदील दाखवतो आणि संवाद कूटबद्ध करण्यासाठी लागणारी किल्लीही देतो. ग्राहकाला काहीही टाइप करावे लागत नाही. तळघरात टॉवरचा सिग्नल शून्य असला, तरी काही बिघडत नाही.

मूळ जीएसएम पद्धतीत एक मोठी उणीव होती. जाळे ग्राहकाची परीक्षा घेई, ग्राहक मात्र जाळ्याची परीक्षा घेऊ शकत नसे. खोटा टॉवर उभारून फोनला फसवण्याचे प्रकार त्यातूनच शक्य झाले. ईएपी-सिममध्ये फोनही स्वतःची एक यादृच्छिक संख्या आधी पाठवतो आणि गेटवेच्या निरोपावर तिच्या आधारे तयार झालेली मोहोर आहे की नाही, हे तपासतो. थ्रीजीपासूनच्या कार्डांसाठी असलेल्या ईएपी-एकेएमध्ये ही परस्पर-पडताळणी अधिक पक्की आहे. तेथे नोंदवहीकडून येणाऱ्या सामग्रीत क्रमसंख्येवर आधारित पुरावा असतो आणि तो कार्ड स्वतः तपासते. मे २००९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. तीत निर्माण होणारी किल्ली ज्या जाळ्यासाठी आहे, त्या जाळ्याच्या नावाशीच बांधली जाते.

ओळख का हवी

वाय-फायवर येणारा प्रत्येक जण कोण आहे, हे नोंदवण्याचा आग्रह महाराष्ट्राने फार जवळून पाहिला आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेल्या ई-मेलचा माग काढत तपास यंत्रणा नवी मुंबईतील सानपाडा येथे पोहोचली. तेथे राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाचे वाय-फाय उघडे होते आणि कोणीतरी त्याचा परस्पर वापर केला होता. त्याच वर्षी १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळचा ई-मेल चेंबूरमधील एका कार्यालयाच्या वाय-फायवरून गेल्याचे आढळले. या घटनांनंतर फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने वाय-फाय सेवांसाठी ग्राहकनिहाय पडताळणी बंधनकारक करणारे निर्देश इंटरनेट कंपन्यांना दिले.

त्यानंतर सार्वजनिक वाय-फायमध्ये ओटीपीची पद्धत रुळली. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकापासून सुरू झालेली रेल्टेल आणि गुगल यांची सेवा असो, किंवा राज्य शासनाने जानेवारी २०१७ मध्ये ५०० ठिकाणी सुरू केलेली ‘मुंबई वाय-फाय’ असो, प्रवेशाची वाट फोन क्रमांकावरूनच जात होती. ओटीपी स्वस्त आणि सर्वांना समजणारा असला, तरी तो केवळ दारावरची नोंद करतो. दार ओलांडल्यावर हवेतून जाणारी माहिती तो कूटबद्ध करत नाही. शेजारच्या दुकानातील कोणी तीच नावे धारण करणारा खोटा वाय-फाय चालू केला, तर ग्राहकाला फरक ओळखता येत नाही. सिमकार्डावर आधारित पद्धत ही दोन्ही कामे करते आणि म्हणूनच तिच्या गेटवेवर खर्च करण्यात अर्थ आहे.

वीज येते तेव्हा

गेटवेची खरी परीक्षा शांत दुपारी होत नाही. बाजारातील वीज जाऊन परत आली, असे समजा. सगळे अॅक्सेस पॉइंट एकाच वेळी सुरू होतात आणि शेकडो फोन एकाच मिनिटात आपली ओळख सांगू लागतात. गेटवे तितक्याच मागण्या नोंदवहीकडे पाठवतो. ही नोंदवही केवळ वाय-फायसाठी नाही, संपूर्ण परिमंडळातील मोबाइल ग्राहकांचे कॉल आणि संदेश तिच्यावर अवलंबून असतात. तिचे उत्तर यायला काही सेकंद लागले, की अॅक्सेस पॉइंटला वाटते निरोप हरवला आणि तो तोच निरोप पुन्हा पाठवतो. भोळा गेटवे याला नवी मागणी समजून नोंदवहीला पुन्हा विचारतो. नोंदवही आणखी मंदावते, आणखी निरोप पुन्हा येतात. अशा प्रकारे एका बाजारपेठेतील वाय-फायची गर्दी मोबाइल सेवेच्याच मुळाशी येऊ शकते.

सुधारणेची सुरुवात म्हणूनच येथून करावी लागते. एकच निरोप दुसऱ्यांदा आला आहे हे गेटवेने ओळखले पाहिजे आणि पहिल्या मागणीचे उत्तर येईपर्यंत थांबले पाहिजे. नोंदवहीकडे एका वेळी किती मागण्या जातील, यावर मर्यादा घालावी लागते. मर्यादेपलीकडच्या फोनना थोडे ताटकळत ठेवणे हे सर्वांची सेवा कोलमडण्यापेक्षा बरे.

त्रिके मागवण्यातही हिशेब आहे. एका मागणीत नोंदवही साधारणतः पाचपर्यंत त्रिके देऊ शकते. एकेक मागणाऱ्या गेटवेला एका फोनसाठी तीन खेपा घालाव्या लागतात, पाच एकदम मागणाऱ्याला एकच. तीन वापरून उरलेली दोन पुढच्या वेळेसाठी ठेवता येतात. मग दोनच त्रिकांवर काम का भागवू नये, असा मोह होतो. पण फोनला तीनचा आग्रह धरण्याची मुभा नियमावलीने दिली आहे, आणि तसा फोन दोन त्रिके पाहून सरळ नकार देतो. वापरलेली त्रिके पुन्हा वापरणे हा त्याहून वाईट मार्ग होय. नोंदवहीवरचा भार हलका करण्यासाठी काही ठिकाणी तो सुचवला जातो, पण त्यामुळे यादृच्छिक संख्येचा हेतूच नष्ट होतो.

ईएपी-एकेएमध्ये साठवणुकीचे हेच शहाणपण उलटते. तेथे प्रत्येक सामग्रीला क्रमसंख्या असते आणि तेच कार्ड रस्त्यावर मोबाइलच्या जाळ्याशीही पडताळणी करत असते. गेटवेने सकाळी साठवलेली सामग्री दुपारी वापरली आणि मधल्या काळात कार्डाची क्रमसंख्या पुढे गेली असेल, तर कार्ड ती शिळी म्हणून नाकारू शकते. मग कार्ड आपली सध्याची क्रमसंख्या कळवते, गेटवे ती नोंदवहीपर्यंत पोहोचवतो, नवी सामग्री येते आणि पडताळणी नव्याने होते. वाचवलेली एक खेप दोन खेपांना पडते. अशा वेळी जुना साठा तत्काळ फेकून देणे आवश्यक असते. तो न फेकणारा गेटवे त्याच चक्रात फिरत राहतो आणि ग्राहकाला मात्र ‘वाय-फाय चालत नाही’ एवढेच दिसते.

सर्वात मोठी बचत ‘जलद पुनर्पडताळणी’तून होते. एकदा पूर्ण पडताळणी झाली की गेटवे आणि फोन यांच्याकडे एक सामाईक गुपित तयार झालेले असते. पुढच्या वेळी, म्हणजे ग्राहक एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेला किंवा अॅक्सेस पॉइंट पुन्हा सुरू झाला तेव्हा, नोंदवहीला न विचारता त्याच गुपिताच्या आधारे ओळख पटवता येते. किती वेळा असे झाले, याची मोजणी दोन्ही बाजू ठेवतात. वीज परत आल्यानंतरच्या त्या मिनिटात हीच सोय कामी येते. अट इतकीच, की ही गुपिते गेटवेच्या स्मरणात वीज गेल्यावरही टिकली पाहिजेत आणि एकाहून अधिक सर्व्हर असतील, तर ती सर्वांना उपलब्ध हवीत. पडताळणीचा संवाद अनेक टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा एका सर्व्हरकडे आणि दुसरा भलत्याकडे गेला, तर तो अर्ध्यावर तुटतो.

उघडा पडणारा क्रमांक

पहिल्या निरोपात फोन आपला आयएमएसआय सांगतो आणि त्या क्षणी संवाद अद्याप कूटबद्ध झालेला नसतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये लंडनच्या ‘ब्लॅक हॅट युरोप’ परिषदेत ऑक्सफर्ड विद्यापीठातील पियर्स ओ’हॅनलन आणि रविशंकर बोरगावकर या संशोधकांनी दाखवून दिले, की ओळखीच्या नावाचा वाय-फाय उभारून आसपासच्या फोनचे आयएमएसआय गोळा करता येतात. त्यासाठी महागड्या यंत्रणेची गरज नव्हती. हा क्रमांक कायमचा असल्याने त्याच्या आधारे एखादी व्यक्ती बाजारात केव्हा आली व केव्हा गेली, याची नोंद ठेवणे शक्य होते. रोकड आणि माल यांची ने-आण जेथे रोजची आहे, तेथे ही बाब गंभीर म्हटली पाहिजे.

मूळ नियमावलीतच यावर टोपणनावाची योजना आहे. पूर्ण पडताळणीनंतर गेटवे फोनला एक टोपणनाव देतो आणि पुढच्या वेळी फोन तेच सांगतो. ही योजना ऐच्छिक असल्याने अनेक गेटवे तिच्याकडे दुर्लक्ष करतात, किंवा टोपणनावांची यादी हरवून बसतात आणि पुन्हा खरा क्रमांक मागतात. सुधारणेचा अर्थ येथे नवे काही लिहिणे नसून लिहिलेले पाळणे हा आहे. अगदी पहिल्या भेटीतही क्रमांक उघड होऊ नये, यासाठी तो मोबाइल कंपनीच्या सार्वजनिक किल्लीने कूटबद्ध करण्याची पद्धतही पुढे आली. फाइव्ह-जीमध्ये तशी तरतूद मूळ आराखड्यातच आहे. गेटवेच्या नोंदींतही आयएमएसआय उघड लिहून ठेवण्याची सवय सोडावी लागेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ती केवळ तांत्रिक बाब राहिलेली नाही.

गेटवेच्या आवाक्याबाहेरचे

एक गोष्ट मात्र कोणताही गेटवे करू शकत नाही. खोटी कागदपत्रे दाखवून एखाद्याने व्यापाऱ्याच्या क्रमांकाचे नवे सिमकार्ड मिळवले, तर गेटवेच्या दृष्टीने तेच खरे कार्ड असते. उत्तर बरोबर येते आणि दार उघडते. अशा ‘सिम-स्वॅप’ फसवणुकीला आळा घालण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सिमकार्ड बदलल्यापासून सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेण्यास बंदी घातली असून ती १ जुलै २०२४ पासून लागू झाली. गेटवेच्या बाजूने करण्यासारखे काम त्याहून लहान, पण नेमके आहे. बदललेल्या जुन्या कार्डाची जलद पुनर्पडताळणी चालू राहता कामा नये. ती नोंदवहीला विचारत नसल्याने, कार्ड रद्द झाले हे तिला कळतच नाही. म्हणून तिची मुदत तासांत मोजावी, दिवसांत नव्हे, आणि नोंदवहीकडून कार्ड रद्द झाल्याची सूचना मिळण्याची सोय असेल तेथे त्याची सर्व गुपिते लगेच पुसावीत.

गेटवेच्या दोन्ही बाजूंच्या वाटाही तपासाव्या लागतात. टेलिफोन जाळ्याच्या ‘एसएस-७’ या जुन्या संकेतप्रणालीतील उणिवा डिसेंबर २०१४ मध्ये जर्मनीत जाहीरपणे दाखवल्या गेल्या. २०१७ मध्ये तेथेच त्यांचा वापर करून बँकेचे ओटीपी वळवल्याचे प्रकरण समोर आले. इंटरनेटशी जोडलेला गेटवे या प्रणालीत शिरण्याची खिडकी ठरू नये, म्हणून त्याला केवळ प्रमाणीकरणाची सामग्री मागण्याचीच परवानगी असावी. रेडियसच्या बाजूला, जुलै २०२४ मध्ये उघड झालेल्या ‘ब्लास्ट-रेडियस’ दोषाने तिची जुनी एमडी-५ मोहोर किती कमकुवत आहे, हे दाखवले. ईएपीचे निरोप वेगळ्या मोहोरेमुळे त्यातून वाचले. तरीही बाजारातील अॅक्सेस पॉइंट आणि दूरच्या गेटवेमधील दुवा २०१२ पासून उपलब्ध असलेल्या टीएलएस आवरणातून नेणेच योग्य.

तळघरातून कॉल

वाय-फायवरून मोबाइल कॉल करण्याची सेवा भारतात एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली परिसरात आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये देशभर सुरू केली. तिच्यामागेही सिमकार्डाची हीच पडताळणी आहे. फरक इतकाच, की येथे गेटवे दुकानातील अॅक्सेस पॉइंटशी बोलत नाही. फोन थेट कंपनीच्या गेटवेपर्यंत कूटबद्ध बोगदा तयार करतो. त्यामुळे दुकानातील कोणतेही साधे ब्रॉडबँड चालते. राउटरने यूडीपीची ५०० आणि ४५०० ही दोन पोर्ट अडवलेली नसावीत, एवढी अट. तळघरात इंटरनेट चालते पण वाय-फाय कॉल लागत नाही, अशा तक्रारीत सर्वप्रथम हेच पाहावे. या गेटवेंचीही उजळणी आवश्यक असल्याचे २०२४ मध्ये जर्मनी व ऑस्ट्रियातील संशोधकांनी दाखवले. वेगवेगळ्या देशांतील १३ मोबाइल कंपन्या या बोगद्यासाठी दहा खासगी किल्ल्यांचा एकच संच वापरत असल्याचे त्यांना आढळले. एकाच्या हाती तो संच लागला, तर सर्वांचेच संवाद धोक्यात येत होते.

गांधीबागेतील दुकानदाराला स्वतःच वाय-फाय विक्रेता होण्याचा मार्गही ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेने खुला केला. त्यासाठी परवाना किंवा शुल्क लागत नाही. त्या योजनेत ग्राहकाची ओळख अॅपद्वारे पटवली जाते, सिमकार्डाद्वारे नव्हे. दोन्ही पद्धती एकाच अॅक्सेस पॉइंटवर वेगवेगळ्या नावांनी शेजारी शेजारी चालवता येतात. दुकानात येणाऱ्या ग्राहकासाठी एक आणि मोबाइल कंपनीशी करार झाल्यास तिच्या ग्राहकांसाठी दुसरी. असा करार करण्याआधी व्यापारी संघाने कंपनीला विचारावयाचे प्रश्न तांत्रिक वाटले, तरी साधेच आहेत. वीज परत आल्यावर गेटवे किती फोन किती वेळात आत घेतो, टोपणनावाची योजना सुरू आहे काय, आणि कार्ड रद्द झाल्यावर जुने प्रवेश किती तासांत बंद होतात.